कोहळ्याचं डोकं, भावाचा कान

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी साडेआठ. ठिकाण : दारव्ह्यापासून सहा किलोमीटरवर भावाचं शेत, सोयाबीन निघून मोकळं झालेलं विहिरीजवळचं रान. हजर : माझा थोरला भाऊ, वहिनी, शेजारच्या शेतातले मामा, ज्यांची अर्धी हयात गिट्टीच्या खाणीवर गेली, मी, आणि घरच्या वेलाचं एक कोहळं. गैरहजर : भावाचा उजवा कान.

शेवटचं वाक्य मी वहीत लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण माझी वही भाऊ वाचतो. इथे ते राहू देते.

मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या मोजणं, फुटलेल्या चंचुपात्रांची नोंद ठेवणं, कोणत्या वर्गाने कोणता चुंबक परत केला नाही हे लक्षात ठेवणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे यादी केल्याशिवाय मला बाजारातही जाता येत नाही. घरातले हसतात. त्या रविवारी मात्र कोणी हसलं नाही, म्हणजे सुरुवातीला तरी.

कारण असं होतं. आमच्याकडे पीक राखायचं तर रानडुकरांना पळवावं लागतं, आणि त्यासाठी बहुतेकांकडे कार्बाइडचा बार उडवणारी पाइपची एक नळी असते. तिला सगळे तोफच म्हणतात. तिचा बार उडाला की पलीकडच्या गावची कुत्री भुंकायला लागतात. भाऊ तीन हंगाम ती तोफ उडवत होता, उजव्या हाताने, उजव्या बाजूला धरून. या पावसाळ्यात वहिनीच्या लक्षात आलं की जेवताना ती त्याच्या उजवीकडे बसली की भाजी वाढू का हे तीनदा विचारावं लागतं, आणि डावीकडे बसली की एकदाच.

मी त्याला यवतमाळला घेऊन गेले. कान तपासायची खोली लहान होती, भिंतींना गाद्या लावल्यासारखी. भाऊ आत, काचेच्या अलीकडे यंत्र चालवणारी मुलगी, आणि तिच्यामागे मी. आवाज ऐकू आला की हात वर करायचा, एवढंच काम. तिने कळ दाबली की यंत्रावर बारीक दिवा लागायचा. डाव्या कानाच्या वेळी दिवा आणि हात बरोबर चालले. उजव्याच्या वेळी दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा, आणि भावाचा हात मांडीवरच. तो समोर बघत होता, अगदी लक्ष देऊन, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. त्याला वाटत होतं, अजून सुरूच झालेलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की उजव्याचं गेलं ते गेलं, डावा अजून चांगला आहे, तो राखा. मोठ्या आवाजापासून लांब राहा. ते जमत नसेल तर कानाला नीट काहीतरी लावा.

बसमध्ये मी त्याला म्हटलं, "तोफ बंद कर."

"अन् हरभरा कोन राखीन? डुकरं का तुह्या शाळेत शिकलेत, यादी वाचून निंघून जातीन?"

"मग नीट काहीतरी लाव."

"लावतो न. कापूस लावतो. घरचा कापूस हाये, बाई. दुकानातला नाई."

आपल्या शेतातल्या कापसावर आमच्या माणसांचा किती भरवसा असतो, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. लांब धाग्याचा, स्वतः वेचलेला कापूस कानात घातला की कान राखला गेलाच. मी वाद घातला नाही. वहीत लिहिलं : "नीट म्हणजे काय, ते बघणे."

बघायचं कसं, हा प्रश्न होता. माणसाच्या कानाजवळ बार उडवून "आता कमी वाटलं का?" असं विचारणं म्हणजे उरलेला कान त्या चाचणीतच घालवणं. म्हणून कोहळं. आमच्या शाळेतल्या एक बाई मोबाइलवर धडे रेकॉर्ड करतात. त्यांच्याकडे कॉलरला लावायचा वायरवाला माइक होता. त्यांनी तो दिला, आणि मोबाइलमध्ये आवाजाची लाट उंच-ठेंगणी दाखवणारं एक अ‍ॅपही घालून दिलं. वर स्वतःहून बजावलं, "हा आकडा खरा समजू नका. फक्त एकाची दुसऱ्याशी तुलना करा." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

कोहळं वहिनीने निवडलं. मी सांगितलं होतं, डोक्याएवढं, लांबट आणि गालावर खाचा नसलेलं. तिने वेलावरची चार कोहळी उलटीपालटी करून पाहिली आणि एक तोडलं. "हे घ्या, ताई. तुमच्या भावाच्या डोक्याइतकंच हाये. फक्त याच्यात बिया हायेत."

मी खालून झाकण कापलं, गर काढला, बाजूला कानाच्या जागी करंगळीएवढं भोक पाडलं आणि आतून माइक भोकाशी आणून बसवला. खालचं झाकण परत लावून फटी कणकेने बुजवल्या, नाहीतर आवाज खालूनच शिरला असता. कोहळं एका स्टुलावर ठेवलं.

तेवढ्यात मामा आले. "जय भीम, बाई," म्हणाले, आणि कोहळ्याकडे पाहून थांबले. "हे पाव्हनं कुठलं?"

मामांचा इयरमफ म्हणजे डोक्यावरून जाणारी पट्टी आणि दोन्ही कानांवर दोन जाड कप. खाणीवरून निवृत्त होताना त्यांनी तो जपून ठेवला होता. बुधवारीच त्यांनी तो भावाला वापरायला दिला होता. शिवाय मी मेडिकलमधून फोमचे पिवळे बोळे आणले होते. म्हणजे परीक्षेला तीन उमेदवार : घरचा कापूस, फोमचे बोळे, मामांचा इयरमफ. तोफ मामा उडवणार, डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे घालून. आम्ही दोघींनीही बोळे घातले. भाऊ प्रत्येक बाराला विहिरीच्या कठड्यामागे, दोन्ही कानांत बोळे आणि वरून हात, ही माझी अट. तो कुरकुरत गेला. "माह्याच कानाची परीक्षा, अन् मलेच वर्गाच्या भायेर बसवलं."

पहिला घोटाळा लगेच झाला. तोफ दहा पावलांवर होती. बोडक्या कोहळ्याची लाट पडद्यावर उभी राहिली ती वरून सपाट, विळ्याने छाटल्यासारखी. मग भोकात कापूस घातला. तीच सपाट लाट. मी लिहायला घेतलं, "कापूस : काहीही फरक नाही."

मामांनी माझा हात धरला नाही, पण आवाजाने धरल्यासारखं केलं. "थांबा बाई. तुमचा माइक भरून गेला. बादली भरली की वरतून किती सांडलं, ते बादलीले काय मालूम?"

खरं होतं. खाणीवर सुरुंगाच्या वेळी किती मागे सरकायचं, हे मामांच्या पायांत होतं. ते तोफ घेऊन चालत गेले, मोठ्याने मोजत, चाळीस पावलं. तिथून बार काढला तेव्हा लाटेला टोक आलं. मी पान फाडलं नाही, आडवी रेघ मारून खाली नव्याने सुरुवात केली. प्रत्येकाचे तीन बार, आणि लाटेची उंची पडद्यावर शाळेची पट्टी ठेवून मोजायची.

बोडकं कोहळं : साडेपाच सेंटिमीटर. घरचा कापूस : साडेचार.

वहिनीने विहिरीकडे बघून हातवारे केले. भाऊ बाहेर आला, बोळे काढून पट्टीकडे बघत राहिला. "पट्टी बराबर हाये का तुह्यी?"

"शाळेची आहे."

"मंग झालं."

फोमचे बोळे आधी त्याला घालायला लावले. त्याने समईत वात सारावी तसा बोळा भोकात सारला, अर्धा बाहेर. चार सेंटिमीटर. मग मामा पुढे झाले. त्यांनी बोळा बोटांत वळून वळून सुईसारखा बारीक केला, भोकात घातला आणि तो आत फुलेपर्यंत बोटाने दाबून धरला. एक सेंटिमीटर. बोळा तोच, फक्त हात वेगळा.  भावाने खिशातून दुसरा बोळा काढला आणि पुढची पाच मिनिटं तो वळत बसला.

शेवटी इयरमफ. पट्टी कोहळ्यावरून घेतली, कप दोन्ही गालांना घट्ट बसले. तीनही बारांना लाट अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. गवताच्या पात्याएवढी.

मी इयरमफच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. भाऊ एवढा खूश झाला की त्याने मामांच्या पाठीत थाप मारली. "म्या सांगतलंच होतं न! बुधवारपासून तेच लावून राह्यलो. डावा कान आपला पक्का झाला."

वहिनीने चुलीवर चहा ठेवला. काम संपलं होतं. मी वही मिटली, टोपण लावलं. यादीतल्या नऊपैकी नऊ ओळींवर खूण झाली होती, आणि अशा वेळी मला जो आनंद होतो तो मी लपवत नाही.

कप हातात देता देता वहिनी कोहळ्याकडे बघत होती. "ताई, एक विचारू का? हा मानूस कोन हाये?"

"कोण म्हणजे? भाऊच की."

"आपल्या घरचा नाई वाटत. उघड्या डोक्यानं वावरात उभा हाये. तुमचे भाऊ अंघोळ सोडली तर दुपट्टा काढत नाईत."

मामा हसले. भाऊही हसला आणि हात आपोआप डोक्याला गेला. तिथे दुपट्टा होताच, कपाळावरून कानांवर घेऊन मागे बांधलेला. ऊन, दव, थंडी, मच्छर, सगळ्यावर एकच औषध. आमच्याकडे शेतात बोडक्या डोक्याने उभा राहणारा माणूस एकतर पाहुणा असतो किंवा त्याच्या घरात काहीतरी वाईट घडलेलं असतं.

"बांध मंग त्याले," भाऊ म्हणाला आणि दुपट्टा सोडून वहिनीला दिला.

तिने इयरमफ काढला, कोहळ्याला दुपट्टा बांधला, अगदी भाऊ बांधतो तसा, कानांवरून दोन घड्या, आणि त्यावर इयरमफ परत बसवला. गंमत म्हणून. मामांनीही गंमत म्हणूनच चहा खाली ठेवला आणि चाळीस पावलं चालत गेले.

साडेतीन सेंटिमीटर.

मी पट्टी पुन्हा ठेवली. मामांना खूण करून अजून दोन बार काढायला लावले. साडेतीन. पावणेचार. मग कपाच्या कडेला बोट लावून पाहिलं. गादीसारखी कड दुपट्ट्याच्या घडीवर टेकली होती आणि घडीच्या दोन्ही बाजूंना बोट आरामात शिरत होतं. कप घट्ट बसला नव्हता, एवढंच. मी कोहळ्याच्या बुडाच्या फटी कणकेने बुजवल्या होत्या आणि कानाशी फट राहील का, हा विचारच केला नव्हता. माझ्या तक्त्यात रकाने होते : वस्तू, अंतर, कोणी घातली, बार क्रमांक, उंची, शेरा. "डोक्यावर काय" हा रकाना नव्हता. तीस घरांच्या गावात तीस दुपट्टे बघत मी लहानाची मोठी झाले, आणि तो मला दिसला नाही.

भाऊ स्टुलाजवळ उभा होता. बोडका. इतक्या वर्षांत मी त्याचे पांढरे झालेले केस पहिल्यांदा नीट पाहिले.

"बुधवारपासून," मी विचारलं, "दुपट्ट्यावरूनच लावत होतास?"

"मंग काय, खालतून लावू?"

"किती बार काढले?"

त्याने कपाच्या कडेखाली स्वतः बोट घालून पाहिलं. मग म्हणाला, "लय. कान पक्का हाये म्हनून लय काढले. आधी एक काढून थांबत होतो. या चार दिसांत दोन-दोन, तीन-तीन काढले. अन् तोफही जवळच धरली." डावा कान चोळत त्याने पुढे म्हटलं, "कानात वाजे थोडंसं. मले वाटलं, मामांचं मशीन जुनं हाये, म्हनून असंन."

मामांचं तोंड उतरलं. इयरमफ त्यांनी प्रेमाने दिला होता. "माह्यीच चूक हाये, बावा. खाणीवर आमाले टोपीवरून लावू देत नोते. वरडत साहेब. म्या तुले सांगाले पायजे होतं."

"तुमी कायले चुकले मामा? तुमी देल्लं नसतं त कापसावर होतो मी," भाऊ म्हणाला.

 वहिनीने कोहळ्यावरून सगळं उतरवलं. आधी इयरमफ चढवला, कप थेट सालीला टेकवून, आणि मग वरून दुपट्टा बांधला, जरा सैल. मामांकडे बघून मान हलवली. बार उडाला. अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. दुसरा बार, तिसरा बार, तेच.

"आता इकडं या," ती भावाला म्हणाली. त्याच्या डोक्यावर तिने तेच केलं. आत मामांनी शिकवल्याप्रमाणे वळलेले फोमचे बोळे, वर कप, त्यावर दुपट्टा. त्याचे दोन्ही गाल फुगलेले दिसत होते.

"कसा दिसतो?" तो जरुरीपेक्षा मोठ्याने ओरडला.

"कोहळ्यावानी," मामा म्हणाले. त्याला ते ऐकू गेलं नाही, आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो.

त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये वही उघडली आणि नवा रकाना आखला. आणि मग, सवयीप्रमाणे, कोणाचं काय देणं लागते ते आठवत गेले. माइक देणाऱ्या बाई. दिवा लागत असताना हात वर येत नाही हे दिसूनही भावाकडे बघून न गडबडता तीच कळ पुन्हा पुन्हा दाबणारी यवतमाळची मुलगी. तिने घाई केली असती तर कागदावर काहीही उमटलं असतं. स्वतःची चूक सगळ्यांसमोर कबूल करून पुन्हा चाळीस पावलं चालत गेलेले मामा. आणि वहिनी. मी सहा रकाने आखले, तिने नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं. तिने तो प्रश्न थट्टेत विचारला नसता तर मी दोन रेघा ओढलेलं ते पान भावाला देऊन आले असते, आणि त्याने हंगामभर माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला असता. माझ्या वाट्याला अशी माणसं आली याचं मोठं समाधान वाटतं.

पुढचा हंगाम बरा गेला. तोफ बांधाच्या टोकाला नेली आणि ती लांब दोरी ओढून दुरून उडवायची ठरवली. एका वेळी एकच बार. मामा रोज संध्याकाळी बांधावरून ओरडून विचारत, "आत का भायेर?" म्हणजे कप दुपट्ट्याच्या आत की बाहेर. भाऊ बोटाने खूण करायचा, आत. आसपासच्या चार शेतांतल्या माणसांनीही तशीच सवय लावून घेतली. त्यातल्या एकाने मला नेरच्या बसमध्ये थांबवून सांगितलं, "बाई, आता बार उडल्यावर कानात किडा वाजत नाई." मला इतकं बरं वाटलं की मी उतरायचा थांबा चुकवला.

आता फेब्रुवारी संपत आलाय. तूर घरात आली, हरभरा सोंगून झाला. माझ्या वहीत त्या ऑक्टोबरच्या पानामागे एक ओळ आहे : "भावाची कानतपासणी पुन्हा, यवतमाळ." डॉक्टरांनी हंगाम संपल्यावर या म्हटलं होतं. आधी भाऊ म्हणाला, तूर निघू दे. मग, हरभरा होऊ दे. मग, बाभुळगावचं लग्न उरकू दे. गेल्या आठवड्यात मी फोन केला तर म्हणाला, "मले ऐकू येऊन राह्यलं न तुह्यं बोलनं. मंग कायले जायचं?"

"डाव्या कानाला फोन लावलाय ना?"

"त कोनत्याले लावू?"

मी त्याला सांगितलं नाही, पण तो का टाळतो ते मला कळतं. त्या चार दिवसांत डाव्या कानाचं काय झालं, हे तपासणीच्या कागदावर दिसणार आहे. आजपर्यंत तो कान चांगला आहे, कारण तो पुन्हा मोजलेला नाही. आणि मी, जी मुलांनी नेलेले चुंबक महिनोन्‌महिने मागत राहते, तिने दोनदा दवाखान्याचा नंबर लावला आणि पहिली रिंग वाजताच ठेवून दिला. वहिनीने काल निरोप पाठवला आहे की तिकिटं ती काढते, दोघांची नाही, तिघांची, फक्त मी दिवस सांगायचा.

तपासणीची वेळ अजून घेतलेली नाही.